चुकलेली ड्युटी आणि गाठलेली ड्युटी

प्रश्न : माननीय महोदय, सप्रेम नमस्कार. मी सत्तरी तालुक्यातली. गेली चार वर्षे एका विमान कंपनीत केबिन क्रू म्हणून काम करते. माझा बेस, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते ते ठिकाण, मुंबई आहे. मरोळला चौघींत मिळून भाड्याची खोली होती. ती मी एप्रिलमध्ये सोडली, कारण बाबांच्या शस्त्रक्रियेनंतर घरी पैशांचीही गरज होती आणि माणसाचीही. तेव्हापासून सुट्टीचे दिवस घरी काढते आणि ड्युटीच्या आदल्या दिवशी स्टाफ तिकिटावर मुंबईला जाते. जुलैमध्ये एकदा पहाटे ४.४० चे रिपोर्टिंग होते. आदल्या रात्री मोपा विमानतळावरून ९.१० चे शेवटचे विमान धरले होते. पाऊस कोसळत होता. मुंबईहून येणारे विमान वरच घिरट्या घालून बंगळुरूला वळले आणि ११.४० ला आमचे उड्डाण रद्द झाले. मी १२.५० ला शेड्युलिंगला, म्हणजे क्रूच्या ड्युट्या लावणाऱ्या विभागाला, फोन केला. 'नो शो' (ड्युटीवर न आल्याची नोंद) लागला, पगार कापला गेला आणि खुलासा मागणारे पत्र आले. बाबा म्हणतात, पाऊस काय तुझ्या हातात होता? दादा म्हणतो, संध्याकाळीच सांगितले असतेस तर गाडीने थेट मुंबईला नेऊन सोडले असते. मैत्रीण म्हणते, सरळ सिक टाकायचे होते. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसे होऊ नये म्हणून मी पणजीहून संध्याकाळी सहाची बस धरली. रस्ता असा होता की दीड-दोन तासच डोळा लागला असेल. सकाळी साडेआठला उतरले, दुपारी एकला रिपोर्ट केले आणि चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणे, केली. शेवटच्या सेक्टरला दरवाजा डिसआर्म करायचा (त्याची आणीबाणीची घसरगुंडी बंद करायची) माझ्याकडून राहिला होता, पण समोरच्या दरवाजावरच्या मुलीने क्रॉस-चेकमध्ये पाहिला, त्यामुळे काही झाले नाही. पावसामुळे कामावर पोहोचता आले नाही तर जबाबदारी कोणाची? खुलाशात मी काय लिहू?

– एक वाचक, सत्तरी

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट तुम्ही सर्वांत शेवटी लिहिली आहे आणि 'त्यामुळे काही झाले नाही' असे म्हणून ती मिटवूनही टाकली आहे. ज्या दिवशी तुम्ही पोहोचला नाहीत, त्या दिवशी कोणाच्याही जिवाला धोका नव्हता. ज्या दिवशी तुम्ही वेळेवर पोहोचलात, त्या दिवशी होता. कंपनीने पगार कापला तो पहिल्या दिवसाचा, आणि दुसऱ्या दिवसाची कोठेही नोंद नाही. माझ्या उत्तराचा रोख तिकडे आहे आणि तो तुम्हाला आवडेलच असे नाही. तरी तुम्ही विचारले आहे त्याच क्रमाने जाऊ.

मी कोठून बोलतो आहे, ते आधी सांगितलेले बरे. मी मूळचा म्हार्दोळचा. नोकरीची सव्वीस वर्षे मुंबईत एका विमान कंपनीच्या क्रू शेड्युलिंग विभागात काढली आणि निवृत्तीनंतर गावी परतलो. म्हणजे तुमचा १२.५० चा फोन ज्या टेबलावर वाजला, तशाच टेबलापाशी मी बसत असे. गोव्यातली, सिंधुदुर्गातली, रत्नागिरीची मुले-मुली मुंबईच्या बेसवर काम करत आणि पावसाळा आला की त्यांचे फोन येत. त्यांच्या अडचणी मला घरच्यासारख्या ठाऊक होत्या, आणि तरीही पहाटेच्या उड्डाणाला माणूस कमी पडला की माझा आवाज चढत असे, हे कबूल करायला हवे.

घर ते बेस हा प्रवास विमान कंपन्यांच्या हिशेबात ड्युटी धरला जात नाही. कंपनीने आपल्या कामासाठी तुम्हाला एका शहरातून दुसऱ्या शहरात नेले, तर त्याला पोझिशनिंग म्हणतात आणि ते तास ड्युटीत मोजले जातात. तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी सत्तरीत राहून मुंबईला जाता, ते तास मोजले जात नाहीत. कोठे राहायचे हे ज्याअर्थी तुम्ही ठरवता, त्याअर्थी वेळेवर आणि काम करता येईल अशा स्थितीत पोहोचण्याची तजवीजही तुम्हीच करायची, असा या भेदाचा अर्थ आहे. युरोपातील नियमांबरोबर दिलेल्या मार्गदर्शनात तर असे सुचवले आहे की, घरापासून बेसपर्यंत जायला नेहमीच दीड तासाहून अधिक वेळ लागत असेल, तर क्रूने बेसजवळ तात्पुरत्या मुक्कामाची सोय करण्याचा विचार करावा. वाळपईच्या बाजूने निघून भर पावसात मोपा गाठेपर्यंतच त्यातला बराचसा वेळ संपतो. विमानाची वाट पाहणे, तासाभराचे उड्डाण आणि मुंबईतला प्रवास त्यापुढचा.

तुमच्या बाबांचे म्हणणे निम्मे खरे आहे. त्या रात्रीचा पाऊस तुमच्या हातात नव्हता, परंतु जुलैत गोव्यात पाऊस पडतो ही काही नवी बातमी नव्हे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्याकडे सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. हवामान खाते पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे काही दिवस आधीपासून देत असते, आणि लाल इशारा असेल तर चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, म्हणजे अत्यंत मुसळधार पावसाची शक्यता गृहीत धरावी. आपल्या घरांतून एप्रिल-मे महिन्यांत पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात ते यंदा पाऊस किती पडणार हे विचारून भरत नाहीत. सुके बांगडे, मिरच्या, आमसोले आणि कांदे घरात आले पाहिजेत एवढेच घरातल्या बाईला ठाऊक असते. तुम्ही एप्रिलमध्ये खोली सोडलीत, म्हणजे नेमक्या पुरुमेंताच्या दिवसांत कोठार रिकामे केलेत. त्यामागचे कारण मी समजू शकतो आणि त्याबद्दल तुम्हाला बोल लावणार नाही, पण जुलैतल्या त्या रात्रीचा उगम तिथे आहे.

दुसरी गोष्ट शेवटच्या विमानाची. रात्री मोपाहून सुटणारे विमान बहुधा थोड्या वेळापूर्वी दुसऱ्या शहराहून आलेले असते आणि प्रवासी उतरवून लगेच परत फिरते. म्हणजे तुमचे विमान सुटण्यासाठी ते आधी यायला हवे, इथे उतरता यायला हवे आणि मुंबईत पुन्हा उतरायला जागा मिळायला हवी. दोन्ही टोकांचा पाऊस तुमच्या एका तिकिटात येतो. शिवाय दिवसभरातला प्रत्येक उशीर साचत साचत शेवटच्या फेरीपर्यंत येतो आणि ती रद्द झाली की तिच्यामागे दुसरी फेरी नसते. सकाळचे विमान रद्द झाले तर दुपारचे असते, दुपारचे हुकले तर संध्याकाळचे असते. अमेरिकेत दूरवरून बेसवर येणारे वैमानिक पुष्कळ आहेत, आणि तिथल्या अनेक कंपन्यांच्या करारांत त्यासाठी ढोबळ कसोटी ठेवलेली असते : वेळेत पोहोचवतील अशी दोन विमाने तुम्ही धरली होती का, आणि अडचण दिसताच कळवले होते का? दोन्हींचे उत्तर होय असेल तर शिक्षा नाही. तुमच्यावर ही कसोटी बंधनकारक नाही, तरी स्वतःला तपासून पाहायला ती चांगली आहे. त्या रात्री तुमची दोन्ही उत्तरे नाही अशी येतात.

त्यात तुमचे तिकीट स्टाफचे, म्हणजे जागा उरली तर मिळणारे. पावसात आधीची दोन उड्डाणे रद्द झाली की त्यांचे प्रवासी तिसऱ्यात बसवले जातात आणि सर्वांत आधी उतरतात ते सब्जेक्ट टू लोड तिकीटवाले. चवथीच्या आधीच्या आठवड्यात तर या तिकिटावर विसंबूच नये. ज्या दिवशी पोहोचणे अत्यावश्यक आहे, त्या दिवशी पूर्ण पैसे देऊन तिकीट काढावे; वर्षातून चार-पाच वेळा तो खर्च सोसावा लागेल.

मोपा हुकले तर दाबोळी, हा हिशेब पावसात फारसा चालत नाही. दोन्ही विमानतळ बहुतेक वेळा एकाच ढगाखाली असतात, आणि दाबोळी नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर असल्यामुळे तिथे सकाळचे काही तास लष्करी उड्डाणांसाठी राखून ठेवण्याची पद्धत आहे. मे २०२४ मध्ये, पावसाळा लागण्याआधीच, मोपाला वीज पडून धावपट्टीच्या कडेचे दिवे बिघडले होते आणि काही विमाने दुसरीकडे वळवावी लागली होती. रेल्वेचे म्हणाल तर कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकात मुळातच वेग कमी ठेवते, आणि जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल शिरला तेव्हा गाड्या रद्द कराव्या लागल्या. त्यानंतर काही दिवसांतच खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळली. पावसाळ्यात भरवसा ठेवण्यासारखे एकच साधन आहे, आणि ते म्हणजे हाताशी असलेला मोकळा वेळ. जून ते सप्टेंबर पहाटेची ड्युटी असेल, तर आदल्या दिवशी सकाळीच गोवा सोडा. लाल इशारा असेल तर त्याच्याही आदल्या दिवशी सोडा.

आता फोनविषयी, कारण याबाबतीत माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही ११.४० ला उड्डाण रद्द झाल्यावरही सत्तर मिनिटे थांबलात. खरे तर ९.१० ला विमान आलेले नव्हते तेव्हाच तुम्हाला अंदाज आला असणार. विमानतळावर काम करणाऱ्या माणसाला तो येतो. दर पन्नास आसनांमागे एक केबिन क्रू असा नियम असल्यामुळे १८० आसनांच्या विमानात चौघे लागतात, आणि तिघे आले तर ते विमान जागचे हलत नाही. ९.१० ला फोन आला असता तर शेड्युलरच्या हातात साडेसात तास होते : कोणाची विश्रांती पूर्ण झाली आहे ते पाहायचे, दुपारच्या ड्युटीची अदलाबदल करायची, स्टँडबायवरच्या, म्हणजे ऐनवेळी बोलावण्यासाठी राखीव ठेवलेल्या, मुलीला झोपण्यापूर्वी कळवायचे. १२.५० ला चार तासही उरले नव्हते, आणि मग जी कोणी स्टँडबाय असेल तिला भर झोपेतून उठवून पाणी भरलेल्या रस्त्यांवरून बोलवावे लागते. म्हणजे तुमचा प्रश्न सुटला नाही. तो फक्त अंधेरीतल्या दुसऱ्या कोणा मुलीच्या दारात गेला. माणसे फोन का करत नाहीत हे मला ठाऊक आहे. विमान येईल अशी आशा असते आणि उगाच नाव खराब नको असे वाटते. पुढच्या वेळी एवढेच बोला : मी अमुक, पहाटेच्या अमुक उड्डाणावर आहे, मोपावर अडकले आहे, वेळेवर पोहोचण्याची खात्री देता येत नाही. विमान मागाहून आलेच, तर पुन्हा फोन करून सांगता येते. वेळ आणि पलीकडच्या माणसाचे नाव लिहून ठेवा.

मैत्रिणीचा सल्ला मात्र पूर्णपणे टाकून द्या. आजारी नसताना आजारपण कळवणे म्हणजे नोंदवहीत खोटे लिहिणे होय. उद्या खरोखर ताप आला की त्याच नोंदवहीकडे बोट दाखवले जाईल, आणि ते दाखवणारा अन्यायही करत नसेल.

दादांच्या सूचनेमागे माया आहे, म्हणून ती अधिक धोक्याची आहे. जुलैच्या रात्री गोव्याहून मुंबईपर्यंत पावसात गाडी हाकायची, पाचशे किलोमीटरहून अधिक अंतर, आणि पहाटे बहिणीला उतरवून त्याच झोपाळलेल्या डोळ्यांनी परत फिरायचे. गाडी चालवणारा माणूस आणि शेजारी जागी बसलेली बहीण, दोघेही सकाळी कामाच्या लायकीचे उरणार नाहीत. त्यांना सांगा की तुमच्यासाठी काही करायचे असेल तर आदल्या दिवशी उजेडी मोपावर सोडावे, म्हादईचे पाणी रस्त्यावर येण्याच्या आत.

आणि आता दरवाजा.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी ड्युटीवर होतो. मुंबई विमानतळ एक दिवसाहून अधिक काळ बंद राहिला. आमचा एक तरुण केबिन क्रू कुर्ल्याहून कमरेइतक्या पाण्यातून चालत, कोठे कोठे पोहत, कार्यालयात येऊन पोहोचला. आम्ही सर्वांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. विमानतळ उघडल्यावर पहिल्या काही उड्डाणांपैकी एकावर मी त्यालाच पाठवले, कारण तो समोर होता, गणवेश वाळला होता आणि त्याला 'नाही' म्हणायचे नव्हते. तो किती तास झोपला होता हे मी विचारले नाही. त्या उड्डाणाला काही झाले नाही. तुमच्या उड्डाणाला झाले नाही तसेच. आज विचार करतो तेव्हा त्या टाळ्यांची मला लाज वाटते. पोहोचला याचे कौतुक आम्ही केले आणि कशा अवस्थेत पोहोचला याकडे पाहिलेही नाही.

तुम्ही आदल्या दिवशी सकाळी सातला उठला असाल, असे धरू. बसमधले दीड-दोन तास वगळले तर चौथ्या सेक्टरचे विमान टेकले तेव्हा तुम्ही एकोणचाळीस तासांच्या आसपास जाग्या होतात. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी जागरण आणि मद्य यांची तुलना करून दाखवली होती : सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी होते, आणि चोवीस तासांनंतर ती आणखी ढासळून ०.१ टक्क्याच्या जवळ जाते. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. उड्डाणापूर्वी बारा तास मद्य घेण्यास क्रूला मनाई असते आणि श्वासाची चाचणी द्यावी लागते; त्या दुपारी तुम्ही ती शून्यावर उत्तीर्ण झाला असाल. झोपेची चाचणी घेणारे यंत्र तिथे नसते, म्हणून ते काम तुम्हालाच करावे लागते.

दरवाजाचे तुम्हाला मी सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगतो. उड्डाणापूर्वी विमानाचे दरवाजे आर्म करतात, म्हणजे आणीबाणीत दरवाजा आतून उघडताच घसरगुंडी आपोआप फुगून बाहेर पडते. विमान थांबल्यावर ते डिसआर्म करायचे आणि समोरच्या दरवाजावरील सहकाऱ्याने ते तपासायचे. आर्म असलेला दरवाजा चुकून आतून उघडला, तर ती अवजड घसरगुंडी काही सेकंदांत प्रचंड जोराने बाहेर फेकली जाते. खाली शिडी लावणारा कामगार असेल तर त्याचे काय होईल याचा विचार करा. तो कामगारही कोणाच्या तरी घरी परत जाणार असतो. आणि डिसआर्म करणे विसरणारा हात, आणीबाणीत दरवाजा उघडण्याचेही विसरू शकतो.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून ५० जण गेले. त्यातली सहवैमानिक आदल्या रात्री पश्चिम किनाऱ्यावरील सिएटलहून निघून, वाटेत मेम्फिसला विमान बदलून, पहाटे नेवार्कच्या आपल्या बेसवर पोहोचली होती. कॅप्टन फ्लोरिडात राहत असे आणि त्याने क्रूच्या विश्रामकक्षात झोप काढली होती. विमान कोसळले ते कॅप्टनने धोक्याच्या सूचनेला चुकीची प्रतिक्रिया दिल्यामुळे. दोघांचीही कार्यक्षमता थकव्याने घटली असावी, मात्र ती किती घटली हे सांगता येत नाही, असे तपास करणाऱ्यांनी नोंदवले. त्या अपघातानंतर तिथे कायदा झाला आणि जानेवारी २०१४ पासून जे नियम लागू झाले, त्यांत वैमानिकाने विश्रांती घेऊनच ड्युटीवर यावे आणि थकल्याचे त्याने सांगितले तर कंपनीने त्याला उड्डाणावर पाठवू नये, असे दोन्ही बाजूंना बांधले. मधल्या काळात, २०११ मध्ये, वैमानिकांच्या घर ते बेस प्रवासावर नेमलेल्या अभ्यासगटाने किलोमीटर मोजून नियम करण्याची शिफारस केली नाही, कारण घर किती दूर यावरून माणूस किती थकला हे ठरत नाही. मला ते पटते. सत्तरीहून आदल्या दिवशी येऊन आठ तास झोपलेली मुलगी, अंधेरीत राहून लग्नाच्या वरातीत रात्रभर नाचलेल्या मुलीपेक्षा कामाला कितीतरी चांगली.

तुम्ही विचारलेल्या जबाबदारीची दुसरी बाजू इथे येते. कंपनीने 'नो शो'ला शिक्षा केली आणि त्या शिक्षेच्या भीतीने तुम्ही बसमध्ये बसलात. अशी शिक्षा एका बाजूला माणसे वेळेवर आणते आणि दुसऱ्या बाजूला न झोपलेली माणसे विमानात चढवते, आणि दुसरी बाजू हजेरीपटावर दिसत नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला भर पावसात एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळले आणि २१ जण मृत्युमुखी पडले. कार्यपद्धती न पाळणे हे त्याचे संभाव्य कारण ठरले. पण दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी करायची म्हणून तिथेच परत उतरण्याची ओढ वैमानिकाच्या निर्णयांमागे होती आणि त्या तळावर पुरेसे कॅप्टन नसणे हे कंपनीच्या चुकीच्या धोरणाचे फळ होते, असेही सरकारी तपास अहवालात लिहिले आहे. 'काहीही करून पोहोचलेच पाहिजे' हा दाब माणसाच्या मनात असतो, पण तो बऱ्याचदा रोस्टर तयार करणाऱ्याने तिथे ठेवलेला असतो. मुंबईला लाल इशारा असल्याचे तुमच्या शेड्युलिंगलाही कळते. त्या दिवशी स्टँडबाय वाढवणे, बाहेरगावी असलेल्या क्रूला आदल्या दुपारीच फोन करून 'कुठे आहात' हे विचारणे, पहाटेच्या ड्युटीवाल्यांना विमानतळाजवळ रात्रीची सोय देणे, ही कामे कंपनीची आहेत. आम्ही ती फारशी करत नसू. तुम्ही सात-आठ जणांनी मिळून हे लेखी मागावे. एकटीने मागितले तर त्याला गाऱ्हाणे म्हटले जाते.

वैमानिकांसाठी साप्ताहिक विश्रांती १ जुलै २०२५ पासून ३६ वरून ४८ तास झाली. केबिन क्रूची नियमावली वेगळी आहे, पण विश्रांतीचे तास कशासाठी असतात हे दोन्हीकडे सारखेच. ते झोपेसाठी असतात, आणि तुमच्या विश्रांतीतला मोठा भाग आज सत्तरी-मुंबई-सत्तरी यात जातो. म्हणून माझा आग्रह आहे की खोली पुन्हा घ्या. पूर्ण भाडे परवडत नसेल तर विलेपार्ले किंवा मरोळला कॉट बेसिसवर घ्या, आणि तेही परवडत नसेल तर निदान जून ते सप्टेंबर या चार महिन्यांपुरते घ्या. वेगवेगळ्या वेळांच्या ड्युट्या असलेल्या सहा मुलींमध्ये तीन खाटा सहज चालतात. आमच्या वेळी अशा खोल्या होत्या. कापला गेलेला पगार आणि खाटेचे भाडे हे शेजारी मांडून पाहा. बाबांसाठी घरी माणूस हवा हे खरे आहे, पण त्याचा बंदोबस्त दादांशी बसून करावा लागेल. ते तुमच्या झोपेतून वसूल करता येणार नाही. गोव्याच्या किंवा त्याहून जवळच्या बेसवर बदलीचा अर्जही या निमित्ताने द्या. वडिलांच्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे जोडा. अर्ज लगेच मंजूर होणार नाही, परंतु तारीख पडलेला अर्ज पुढच्या वेळी उपयोगी पडतो.

यापुढे कधी अपुऱ्या झोपेने बेसवर पोहोचलात, तर रिपोर्टिंगच्या आधी थकव्याची नोंद द्या आणि उड्डाणावर जाऊ नका. थकवा घरून येताना झाला म्हणून कदाचित त्या दिवसाचा पगार मिळणार नाही, चौकशीही होईल. ती सोसावी.

खुलाशात पावसावर भार टाकू नका. उड्डाण किती वाजता लांबले, किती वाजता रद्द झाले, तुम्ही किती वाजता फोन केला, हे जसेच्या तसे लिहा आणि रद्द झाल्याचा दाखला जोडा. शेवटचे विमान धरणे आणि उशिरा कळवणे या माझ्या चुका होत्या, असे एका वाक्यात मान्य करा. यापुढे पावसाळ्यात आदल्या दिवशी सकाळी निघेन, हे लिहा, आणि बाहेरगावी राहणाऱ्या क्रूसाठी कंपनीचे लेखी धोरण असल्यास त्याची प्रत मागा. बाबांच्या आजाराचा उल्लेख दोन ओळींत पुरे. पान भरून लिहिले तर वाचणारा पहिल्या परिच्छेदावरच थांबतो, हे मी अशी पत्रे वाचणारा माणूस म्हणून सांगतो.

मात्र हा खुलासा दुसऱ्या क्रमांकाचे पत्र आहे. त्याआधी कंपनीच्या सुरक्षा विभागाकडे दरवाजाच्या घटनेचा अहवाल द्या : तारीख, सेक्टर, दरवाजा, तुमचे आदल्या छत्तीस तासांतले जागरण आणि समोरच्या सहकारी मुलीने केलेला क्रॉस-चेक. तिला आधी सांगा, तिचे आभार माना, आणि अहवालात तिने काम चोख केले हे लिहा. तुम्हाला भीती वाटेल की न विचारता दिलेली कबुली अंगाशी येईल. तशी शक्यता अजिबात नाही असे मी म्हणणार नाही, परंतु 'नो शो' आणि ती बस यांचा संबंध त्या विभागाला दुसऱ्या कोणाकडूनही कळणार नाही. दोन्ही पत्रे एकाच दिवशी पाठवा आणि दरवाजाचे आधी द्या.